चुन्याची बोटं

तंबाखू मळून झाली की बोटाला राहिलेला चुना माणूस हाताशी येईल त्या खांबाला पुसतो. मुंबईच्या फोर्टात दादाभाई नौरोजी रोडला अशा खांबांना तोटा नाही. 1896 सालच्या नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानी ठेवणं सक्तीचं झालं, म्हणून रस्ताभर सावली. आणि सावली तिथे पानपट्टी.

पोटापाण्यासाठी मी फ्लॅटचे आणि ऑफिसांचे फोटो काढतो. मधल्या वेळात शहरातल्या असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टी टिपून त्यांचे मोठे प्रिंट करतो. वाट नवीन नाही. अ‍ॅरन सिस्किंड हा अमेरिकन फोटोग्राफर 1940च्या दशकापासून भिंतींचे पोपडे आणि फाटलेली पोस्टरं अशीच जवळून टिपत होता. फक्त त्याच्याकडे चुना नव्हता.

एका पिवळसर मालाड दगडाच्या खांबावर बऱ्याच दिवसांपासून माझा डोळा होता. खांद्याच्या उंचीवर चुन्याचे शेकडो फराटे, एकावर एक. सकाळी समोरच्या गल्लीतून ऊन तिरकं येतं आणि थोडाच वेळ दगडाला घासत जातं. तेवढ्यातच छिन्नीचे घाव, खड्डे, चुन्याचा थर सगळं उठून दिसतं. एकदा ऊन वर चढलं की सगळं सपाट.

ट्रायपॉड लावला, जवळून टिपायची शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स चढवली. खांब गोल, कडाही स्पष्ट याव्यात म्हणून लेन्सचं छिद्र लहान ठेवलं, एफ अकरा. फोकस बघतोय तोच टपरीवाले मामा बादली आणि फडकं घेऊन आले आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खांब खसाखसा पुसून काढला.

"अहो मामा, काय केलंत?"

"पालिकेकडून ना तुम्ही? हे घ्या, साफ केलं."

खांब काळपट ओला आणि पांढरं काहीच नाही. मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. सामान आवरायला घेतलं.

ट्रायपॉडचे पाय मिटवताना सहज वर पाहिलं तर खांबावर एक फिकट रेघ उमटली होती. मग दुसरी. जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो. तो फडक्याने निघत नाही. ओला असताना पारदर्शक दिसतो इतकंच. पुसले गेले ते कालपरवाचे फराटे. खालचे वर्षानुवर्षांचे, वाळता वाळता परत पांढरे होत होते, आणि मागचा दगड अजून ओला, गडद. एवढा कॉन्ट्रास्ट मला कोरड्या खांबावर कधीच मिळाला नसता. ओल्या दगडाची चमक मारायला पोलरायझर लावला आणि रेघा वर येतील तसतसं क्लिक करत गेलो.

मामांना स्क्रीनवर दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं.

"हे आमच्या गिऱ्हाइकांचं नाही हां. वरच्या ऑफिसवाल्यांचं."

तेवढ्यात टाय लावलेले एक साहेब तंबाखूची चिमूट ओठात सारून सवयीने खांबाकडे बोट नेऊ लागले.

"ओ साहेब, तिकडे नको!" मामा ओरडले. "फोटो चाललाय."

साहेबांनी बोट मुकाट्याने टपरीच्या फळीला पुसलं.