ग्वांगझूचा पावसाळा: राहायला जाणाऱ्यांसाठी

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत पावसाळ्याची चाहूल आभाळाच्या आधी घरातल्या भिंतींना लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण चिनी समुद्रावरून उबदार, ओली हवा येते आणि हिवाळ्यात गारठलेल्या भिंती-फरशांवर तिचं पाणी होतं. बाहेर एक थेंब नाही, पण आरशावर ओघळ, लिफ्टसमोरची लादी निसरडी, जिन्याच्या कठड्याला हात लावावा तर तळवा ओला. तिथले लोक या दिवसांना ‘ह्वेइनानथ्येन’ म्हणतात. हवामानाच्या बातमीत हे नाव ऐकू आलं की तयारीला लागायचं.

नोकरीनिमित्त हाइजू भागात भाड्याच्या घरात राहून मी हा मोसम पहिल्यापासून शेवटपर्यंत काढला. मुंबई-कोकणातला पाऊस अंगवळणी पडलेल्या माणसाला तिथल्या सरींचं विशेष काही वाटत नाही. जीव नकोसा होतो तो ओलीनं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

कोंदट वाटलं की आपण खिडक्या उघडतो. या दिवसांत त्या घट्ट लावून घ्यायच्या, विशेषतः दक्षिणेकडच्या, आणि एसी ‘ड्राय’वर ठेवायचा किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावायचा. उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की मग सगळं घर उघडायचं. डीह्युमिडिफायर घेताना टाकी मोठी बघा. माझ्याकडची टाकी रात्री रिकामी करून झोपलं तरी सकाळी काठोकाठ भरलेली असे. कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या सुपरमार्केटात मिळतात. त्यांत वर पांढरे खडे असतात, खाली प्लास्टिकचा कप्पा. खडे विरघळून कप्प्यात पाणी साचतं. ते हाताला लागू देऊ नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. चामड्याची पर्स, बूट, रेशमी साड्या यांच्यावर बघता बघता बुरशी चढते, तेव्हा असल्या वस्तू भारतातच ठेवून गेलेलं बरं. पापड-मसाले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि घर बघायला जाल तेव्हा खालचे मजले टाळा, कपाटं उघडून वास घ्या. कुबट वास आला तर भाडं कितीही कमी असो, ते घर घेऊ नका.

खरा पाऊस एप्रिल ते सप्टेंबर. कँटन फेअर या इथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाचा वसंतातला हंगाम 15 एप्रिल ते 5 मे असतो, म्हणजे माल बघायला येणारे आपले व्यापारी हमखास पावसात सापडतात. प्रदर्शन पाजोऊला भरतं, तेव्हा 8 नंबरच्या मेट्रोवरच हॉटेल घ्या. जोराची सर आली की टॅक्सी मिळणं मुश्किल होतं.

मुसळधार पावसाच्या इशाऱ्यांचे रंग पाठ करून ठेवा. पिवळा म्हणजे 6 तासांत 50 मिलिमीटर, नारिंगी म्हणजे 3 तासांत 50, लाल म्हणजे 3 तासांत 100. लाल इशाऱ्याला शाळा बंद ठेवतात. मोबाइलवर येणारा संदेश चिनीत असतो, पण चित्रातला रंग ओळखता आला तरी पुरे. बाकीचा मजकूर वीचॅट या चिनी चॅट अ‍ॅपमध्ये पेस्ट करून बोट दाबून धरलं की भाषांतर मिळतं. हे इशारे मनावर घ्या, असं मी कळकळीनं सांगते. 22 मे 2020 च्या पावसात इथल्या 13 नंबरच्या मेट्रोत पाणी शिरून ती बंद पडली होती. पुढच्याच वर्षी, 20 जुलै 2021 ला, उत्तरेकडच्या झेंगझोऊ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि मेट्रोच्या बोगद्यात अडकून 14 माणसं गेली. स्टेशनच्या तोंडाशी पाणी अडवायच्या फळ्या लावायला सुरुवात झालेली दिसली तर ‘तेवढं एकच स्टेशन जाऊन येते’ असं म्हणू नका. साचलेल्या पाण्यातून चालताना दिव्याच्या खांबांपासून आणि ई-बाइकच्या चार्जिंगच्या जागेपासून दूर राहा, आणि पुलाखालच्या भुयारी रस्त्यात उतरूच नका.

हलक्या पावसात मात्र घरी बसू नका. 1 नंबरच्या मेट्रोनं चांगशौ लूला उतरून शांगश्याजिऊ आणि पुढे एननिंग रोड पायी करा. इथल्या जुन्या इमारतींचा वरचा मजला फुटपाथवर पुढे आलेला असतो आणि खाली खांबांची ओळ, त्यामुळे रस्ते ओलांडायचे सोडले तर छत्री फारशी लागत नाही.

ड्रॅगन बोटीचा सण बहुधा जूनमध्ये येतो, आणि त्याच सुमाराला मोठ्या पावसाचा जोर असतो. तेव्हा छबेईच्या ओढ्याकाठी जा (4 नंबरच्या मेट्रोवर स्टेशन आहे). पाऊस झोडपत असताना लांबलचक होडीत दोन्ही बाजूंनी ओळीनं बसलेले वल्हवणारे, मध्ये ढोल बडवणारा, काठावर छत्र्यांची गर्दी. सर वाढली तशी वल्ही आणखी जोरात पडायला लागली आणि ढोलाचा ठेका छातीत जाणवत होता. ते बघायला मी पुन्हा भर पावसात जाईन.

या दिवसांत तिथले लोक अंगातली ओल काढायला म्हणून लाल चवळीसारखे दाणे आणि यीमी नावाचं धान्य उकळून पितात. चवीला सौम्य, पोटाला हलकं, मला फार आवडलं. बाकीच्या सुपांत बहुतेक डुकराची हाडं असतात, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

डासांकडे दुर्लक्ष नको. 2014 ला इथल्या ग्वांगतोंग प्रांतात डेंग्यूची मोठी साथ आली होती, 2025 ला शेजारच्या फोशानमध्ये चिकुनगुन्या पसरला. कुंड्यांखालच्या बशा आणि डीह्युमिडिफायरची टाकी रोज रिकामी करा.

जुलैपासून वादळं. 16 सप्टेंबर 2018 ला मांखुट वादळ आलं तेव्हा शहरातली कामं, दुकानं, वाहतूक सगळी बंद ठेवली होती. वादळाचा पिवळा इशारा लागला की बाल्कनीतल्या कुंड्या आणि कपड्यांच्या दांड्या आत घ्या, पिण्याचं पाणी आणि दोन दिवसांचं खाणं भरून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा. भारतात परतायचं विमान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असेल तर पुढच्या विमानाला मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडा.