माझा अनुभव: गावच्या जंगलात पडलेलं लाकूड मोजताना

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे कायद्याने गावाला हक्क मिळालेल्या जंगलात पडलेलं लाकूड मोजायचं काम आम्ही मोहफुलांच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत उरकतो. मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग पसरली की पोखरलेले ओंडके धुमसत राहतात आणि मोजायला राख उरते.

होकायंत्रावर दिशा आधीच ठरवून 50 मीटरची टेप दोनदा, म्हणजे 100 मीटर सरळ ताणायची. पायवाटेकडे वळायचं नाही. तिथलं लाकूड सरपणात गेलेलं असतं. 10 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड जो तुकडा टेप ओलांडतो तो धरायचा, मात्र त्याच्या लांबीतून जाणारी मधली रेषा टेपखालून जायला हवी. वाकडं खोड दोनदा आडवं आलं तर दोनदा लिहायचं.

व्यास त्याच जागी, पण खोडाला काटकोनात घ्यायचा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ओंडका तिरपा असतो, टेप डोळ्यासमोर असते, आणि माणूस टेपवरचीच रुंदी वाचतो. व्यासांच्या (सेंटिमीटरमध्ये) वर्गांची बेरीज गुणिले 1.234, भागिले रेषेची लांबी (मीटरमध्ये): हेक्टरी घनमीटर मिळतात. 12, 18 आणि 25 सेंटिमीटरचे तीन ओंडके असतील तर साधारण 13.5. त्यातले 25 चुकून 30 वाचले की थेट 16.9! उधईने चढवलेली माती खरवडल्याशिवाय व्यास घेऊच नका. खोड पोकळ असेल तर आतला व्यासही लिहा.

कुजणं ओळखायला कोयत्याचा एक घाव पुरतो. पातं उसळलं तर लाकूड टणक, थोडं रुतलं तर मधलं, भुगा झाला तर कुजकं. घाव घालणारा माणूस शेवटपर्यंत एकच असावा. भुगा झालेल्या लाकडाचं वजन टणक लाकडापेक्षा खूप कमी भरतं, म्हणून तिन्हींची बेरीज वेगळी ठेवतो.

उभी वाळलेली झाडं टेपच्या दोन्ही बाजूंना 5-5 मीटरच्या पट्ट्यात मोजतो, घेर 1.37 मीटर उंचीवर. या दिवसांत साग, येन निष्पर्ण होऊ लागतात, त्यामुळे जिवंत झाडही मेलेलं वाटतं. साल नखाने खरवडून पाहा. खाली हिरवं दिसलं तर सोडून द्या.

पुढच्या वर्षी तीच रेषा सापडायला हवी. लाकडी खुंट्या उधई खाते, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी सळई ठोकून भोवती दगड रचतो. ओंडक्यावरचा रंग आगीत जातो, त्यामुळे नंबर ठोकलेला लोखंडी पत्र्याचा बिल्ला लावतो. बिल्ला असलेला ओंडका दिसला नाही तर जळाला, वाहून गेला की सरपणाला नेला, हे तिथेच विचारून लिहायचं. आणि एकही लाकूड न लागलेल्या रेषेपुढे रकाना कोरा न ठेवता शून्य लिहायचं. ती रेषा वगळली तर सगळ्या जंगलाची सरासरी फुगते.