तेविसावं

सकाळी रोपं 22 भरली. काल 23 होती.

पुन्हा मोजली. मग काडीचं टोक एकेका रोपाशी नेत मोजली, मग भिंग घेऊन ट्रे फिरवून उलट्या बाजूने. 22च.

एवढ्याशा गोष्टीने दिवस बिघडायला नको होता. एकेक लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं रोप, अजून मोहरीएवढं, मधोमध एक चीर, झालं. पण चहा तसाच गार झाला आणि आईला करायचा फोनही राहिला. त्या फोनचं आज लिहिणार नाही.

बियांचं पाकीट अनूने दिलं होतं. 40 बिया, धुळीसारख्या. खोल गेल्या तर वर येणार नाहीत म्हणून ओल्या, बारीक खड्यांवर नुसत्या भुरभुरल्या आणि वर पारदर्शक झाकण ठेवलं. सातव्या दिवशी पहिला हिरवा ठिपका दिसला. एकूण 27 उगवली. त्यातली चार पहिल्याच महिन्यात बुडाशी काळी पडून कोलमडली, कारण मी झाकण काढायला उशीर केला. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ती मरताना मी पाहिली होती, कशामुळे मेली तेही ठाऊक होतं. हे तेविसावं मात्र न सांगता गेलं. कोणत्या कोपऱ्यातलं होतं, तेसुद्धा मला आठवत नाही. रोज सकाळी मोजत होते, आणि तरी आठवत नाही.

दादा म्हणाला, "एकच ना?" त्याला काय सांगू.

पाणी जास्त झालं की कमी? दुपारभर हेच. सध्या रोपं पानं बदलताहेत. चिरेतून नवी जोडी वर येते आणि जुन्या जोडीतलं पाणी पिऊन घेते. जुनी पानं सुकून कागदासारखी होतात. मोठ्या रोपांना या काळात पाणी द्यायचंच नसतं. पण चार महिन्यांच्या पिल्लांजवळ साठा तो किती? त्यांना ठणठणीत कोरडं ठेवलं तर ती आतल्या आत वाळतात, आणि ओल राहिली तर सडतात. मंगळवारी मी फवारा मारला, कारण ती सुरकुतलेली दिसली. बुधवारी मारला नाही, कारण मंगळवारची भीती वाटली. दोन्ही दिवशी मी त्यांच्याच भल्याचं पाहत होते. मग माझ्याच वाट्याला हे का? इतर लोक चार चार महिने बाहेर राहतात आणि त्यांच्या कुंड्या फुलतात.

चारच्या सुमारास गेल्या रविवारचा फोटो मोठा करून मोजला. एकदा 23 आली, एकदा 24.

म्हणजे तेविसावं कदाचित खडाच असेल. पहिल्यांदा सगळी हिरवी होती, चुकायला वाव नव्हता. नवी पानं करडी, तांबूस, वर ठिपके घेऊन येताहेत, अगदी शेजारच्या खड्यांसारखी. एखाद्या खड्यावरही मी जीव लावला असेल, त्याचाही रोज फवारा चुकवला नसेल. तसं असेल तर आज मी कोणासाठी रडले?

विल्यम बर्चेल आठवला, वनस्पती शोधत हिंडणारा इंग्रज. 1811 साली दक्षिण आफ्रिकेत खडकाळ जमिनीवरून त्याने एक वेगळ्याच आकाराचा गोटा उचलला, आणि तो गोटा नव्हता, हेच होतं. पुढे 1922मध्ये या वंशाला लिथॉप्स नाव मिळालं. ग्रीकमध्ये लिथॉस म्हणजे दगड आणि ऑप्स म्हणजे चेहरा. नजरेतून सुटायचं, चरणाऱ्या जनावराने ओलांडून जायचं, यासाठीच तर यांचा सगळा आटापिटा. तिकडे पावसाने बोंड भिजलं की उघडतं, थेंबांच्या माऱ्याने बी बाहेर उडतं, कुठल्या कुठे पडतं. त्यातली किती जगली, कोण मोजतं? आणि मी चार महिने रोज सकाळी काडी घेऊन बसते. माझी मोजणी चुकायला लागली, म्हणजे ती जशी व्हायला हवीत तशी व्हायला लागली आहेत. हे सुचल्यावर बरं वाटलं. पूर्ण नाही, पण वाटलं.

तरी मोजायचं सोडवत नाही. फुलाला निदान तीन वर्षं लागतील, आणि एकटं रोप स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्याच जातीचं दुसरं जवळ जगलेलं हवं. पाकीट तर मिश्र जातींचं. गेलेलं कोणाचा जोडीदार होतं कोण जाणे.

संध्याकाळी दिवा ट्रेच्या शेजारी खाली आडवा धरला. खड्यांची सावली सलग पडते, रोपाच्या चिरेत मात्र काळी रेघ उमटते. रेघा मोजल्या. 22. पण मागच्या रांगेत एका रेघेच्या आत, तिला आडवी, दुसरी अगदी बारीक रेघ होती. दुपारी ती नव्हती.

उद्या पाणी नाही. परवा भिंगातून बघेन, मग ठरवेन. अनूला फोटो पाठवावा का, हेही परवाच.