चुकामूक झाली तर

लहानपणी जत्रेत आजीचा हात सुटला. हरवलो तर कुठे थांबायचं, हे ठरलेलं नव्हतं. मी रडत रडत दीपमाळेखाली जाऊन उभा राहिलो. सगळीकडून दिसते ती दीपमाळच. आजीलाही तीच सुचेल, एवढा हिशेब त्या वयातही जमला.

१९५९ साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हाच हिशेब आकाशाला लावला. परग्रहावरून कुणी रेडिओवर हाक मारली, तर आपण सुई कुठे ठेवायची? एक गिगाहर्ट्झच्या (म्हणजे हजार मेगाहर्ट्झच्या) खाली आकाशगंगेची खरखर, दहाच्या वर आपल्याच हवेतल्या बाष्पाची कटकट. मधला पट्टा शांत, पण अफाट. त्यात त्यांना दीपमाळ सापडली ती हायड्रोजनची. विश्वात सर्वांत मुबलक असलेला हा वायू १४२० मेगाहर्ट्झवर आपसूक गुणगुणतो. रेडिओ दुर्बीण बांधणाऱ्या कुणालाही तो आकडा ठाऊक असणारच.

मला गंमत वाटते ती फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाची. या दोघांचा लेख येण्याआधीच अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत अशीच हाक ऐकायची त्याची तयारी चालू होती, आणि त्यानेही १४२०च धरलं होतं! १९६०मध्ये त्याने रेडिओ दुर्बिणीची २६ मीटरची तबकडी दोन ताऱ्यांकडे वळवली. हाती काही लागलं नाही. पण न बोलता माणसं एका आकड्यावर येतात, एवढं तरी दिसलं. अर्थात तिघंही पृथ्वीवरचेच.

पुढे १९७१मध्ये बर्नार्ड ऑलिव्हर या अभियंत्याने हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशी जोडी) जिथे गुणगुणतात, त्या आकड्यांमधल्या जागेला ‘पाणवठा’ म्हटलं. दोन्ही मिळून पाणी होतं, आणि पाण्यावर सगळे जमतात. कल्पना गोड आहे; पण तहान आपली, त्यांची कशावरून?

आणखी एक पंचाईत आहे. १४२०वर हायड्रोजनचाच एवढा गलका, की तिथली बारीक हाक बुडायची. म्हणून कुणी सुचवलं, त्या आकड्याला पायने गुणा (३.१४वाला पाय, चालायचा नव्हे). ४४६२ मेगाहर्ट्झ. अणू काही असले गुणाकार करत बसत नाहीत. तिथे आवाज आला तर करणारा कुणीतरी असणार.

आजी दीपमाळेकडे आलीच नाही. एका ओळखीच्या काकांनी मला तिच्याकडे नेलं, तर ती चपलांच्या ढिगापाशी बसलेली.

“दीपमाळेखाली ही गर्दी, तिथे कुठे शोधू तुला? चपला घ्यायला येशीलच की. नव्या आहेत ना!”

नव्या होत्या, हे मी विसरूनच गेलो होतो.