काकांची पाठ आणि लाल पट्टा

मी क्रूझ शिपवर नर्स आहे, कॅरिबियनमधलं हे दुसरं कॉन्ट्रॅक्ट. लोकांना वाटतं काय मजा आहे हिची, रोज नवीन बेट. पण आमचं मेडिकल सेंटर खालच्या डेकवर, खिडकी नाही, बेट दिसतं ते गेस्टच्या पायाला चिकटलेल्या वाळूत. सनबर्न, मुरगळलेले पाय आणि ड्रिंक्स पॅकेजचे पैसे वसूल करून आलेले, हे रोजचंच.

त्या दिवशी बार्बाडोस होतं. ब्रिजटाउनहून शिप सुटायला तासभर असताना एक काका-काकू आले, न्यू जर्सीचे, मूळ सांगलीकडचे. माझी नेमप्लेट वाचून काकूंनी डायरेक्ट मराठीतच सुरू केलं, "अगं बाई, बरं झालं तू भेटलीस, यांची पाठ बघ जरा." शर्ट वर केला तर मान, खांदे, पाठ लालबुंद आणि फोड, तेही उभ्या ओघळांसारखे. सनबर्न काय असा रेघा मारून होत नाही. डोळे चोळून चोळून लाल. आमचे डॉक्टर साउथ आफ्रिकेचे, ते विचारतायत जेलीफिश का, नवीन सनस्क्रीन का, काकांचं आपलं नो नो. काकू मधेच म्हणाल्या, "बिब्बा उतल्यावर होतं ना, अगदी तस्सं दिसतंय."

तिथे माझी ट्यूब पेटली. मी रत्नागिरीची, काजूच्या तेलाने उतलेले हात लहानपणापासून बघितलेत. म्हटलं काका, झाडाखाली उभे होतात का?

झालं असं की सकाळी केन्सिंग्टन ओव्हल बघून (२९ जून २०२४, रोहितने कप उचलला ते ग्राउंड, यावर काका फोड विसरून पाच मिनिटं बोलले) मंडळी पश्चिम किनाऱ्यावर गेली, तिथे जोराची सर आली, काकू छत्रीत आणि काका झाडाखाली.

"खोडाला पट्टा होता का लाल?"

"होता की. मला वाटलं आपल्याकडे रस्त्याच्या झाडांना गेरू-चुना फासतात तसं काहीतरी."

मँचिनील! शेर, एरंड यांच्याच कुळातलं झाड, पण चीक इतका जहाल की पावसात पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा अंगावर फोड आणतं. मुळं किनाऱ्याची वाळू धरून ठेवतात म्हणून सरसकट तोडत नाहीत, लाल पट्टा मारतात नाहीतर बोर्ड लावतात.

मग साबणाने पाठ धुतली, डोळे सलाइनने बराच वेळ, स्टेरॉइड क्रीम, गोळी. कपडे पिशवीत बंद करायचे म्हणून ग्लोव्हज घालून शॉर्ट्सचा खिसा चाचपला तर आत एक फळ. हिरवट पिवळं, छोट्या पेरूएवढं, वास चक्क गोडसर. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते चावलं तर तोंड आणि घसा भाजून सुजतो.

"काका, खाल्लं नाहीत ना?"

"छे गं, नातवाला द्यायला आणलंय."

यावर काकूंनी काकांना जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. डॉक्टर मला विचारतायत काय म्हणाल्या, मी म्हटलं, शी इज व्हेरी रिलीव्ह्ड.

जूनमधे कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आले. बाबा स्टेशनवर न्यायला आले होते, वाटेत धो धो पाऊस. हायवेच्या चौपदरीकरणातून वाचलेल्या एका वडाखाली त्यांनी स्कूटर लावली, खोडाला ताजा गेरू. मी बाहेरच उभी, नखशिखांत भिजत, आणि बाबा ओरडतायत, "अगं आत ये ना, वेड लागलंय का!"