आमची वाटचाल : थर्माकोलच्या दुकानापासून लगद्याच्या पनेटपर्यंत

साताऱ्यात पॅकिंगच्या सामानाचं दुकान वडिलांनी सुरू केलं. थर्माकोलची ताटं, द्रोण, प्लास्टिकचे डबे, पिशव्या. लग्नसराईत पोत्यांनी माल जायचा. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली, जूनअखेरीस अंमलबजावणी सुरू झाली आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ही गोष्ट बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ झाली. वडिलांनी थर्माकोल त्याच आठवड्यात बंद केलं. मग विकायचं काय?

पर्याय म्हणून जो माल येत होता, त्यातला बराचसा कागदावर प्लास्टिकचा पातळ थर दिलेला. दिसायला कागद, पण मातीत पुरला तर कागद कुजतो आणि थर तसाच राहतो. असला माल विकून आपण बंदी पाळली असं म्हणायला माझं मन धजेना. घरात चर्चा झाली, बँकेचं कर्ज काढलं आणि एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात कागदाच्या लगद्याचे ट्रे करायला घेतले.

काम समजायला सोपं आहे. खोकी बनवणाऱ्या कारखान्यांतली पुठ्ठ्याची कात्रण पल्परमध्ये पाण्यात घुसळायची. ट्रे ओतायच्या टाकीत तंतू फक्त एक टक्क्याच्या आसपास असतात, बाकी पाणीच. साच्यावर स्टीलची बारीक जाळी असते. साचा टाकीत बुडतो, मागून व्हॅक्यूम पाणी ओढून घेतो आणि जाळीवर तंतूंचा थर बसतो. डिंक लागत नाही. पाणी उडत जातं तसे लाकडाचे तंतू एकमेकांना आपोआप धरतात. ताजा ट्रे हातात घेतला तर ओल्या पापडासारखा लवतो, आणि वाळल्यावर त्याच ट्रेत मोटारीचे सुटे भाग रचून गाडी भरता येते.

सुटे भाग आणि बल्बचे ट्रे यांवर आमचं बरं चाललं होतं. पण आमच्यापासून दोन तासांच्या आत महाबळेश्वर-पाचगणी. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो डोंगर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि फळ जातं प्लास्टिकच्या पारदर्शक पनेटमधून, म्हणजे फळं भरायच्या छोट्या डब्यांतून. ती रिकामी पनेट घाटाच्या वळणावळणावर पडलेली दिसतात. हे काम आपलंच आहे असं मला वाटत राहिलं.

इथे कात्रण चालत नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं. मग छापील रद्दीचाच लगदा करून त्यात फळ ठेवायचं, हे कसं चालेल? म्हणून पनेटसाठी ताजे तंतू. सूचिपर्णी लाकडाचा लगदा, ज्याचा तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब असतो आणि पनेटला फाटू देत नाही. त्यात उसाच्या बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याचा लगदा, ज्याचा तंतू आखूड, पण पृष्ठभाग गुळगुळीत येतो. झाडं तोडून प्लास्टिक वाचवता का, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. लाकडाचा लगदा आम्ही प्रमाणित लागवडीचाच घेतो, आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बगॅसचं प्रमाण जितकं वाढवता येईल तितकं वाढवतो.

खरी परीक्षा शेतावर झाली. भिलारच्या एका बागायतदारांनी पनेट हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक फळ बघून घेतंय. ह्यात दिसायचं कसं?" म्हणून बाजूंना उभ्या फटी ठेवल्या, वरून झाकणाऐवजी कागदी पट्टी. फळ दिसतं आणि हवाही खेळते. त्यापेक्षा अवघड होतं पाणी. गार गाडीतून फळ मुंबईच्या दमट हवेत उतरलं की प्लास्टिकच्या आतून थेंब धरतात, खालची फळं ओली राहतात आणि राखाडी बुरशी तिथूनच सुरू होते. लगद्याची भिंत हे पाणी शोषून घेते. पण जास्तच शोषलं तर फळातलंही पाणी जातं, वजन घटतं आणि व्यापारी काटा दाखवतो. पाणीरोधासाठी लगद्यात एकेडी नावाचं द्रव्य घालतात. ते किती घालायचं, हेच आमच्या धंद्यातलं कसब. भिंतीने ओल घ्यावी, पण तळ मऊ पडू नये. तेवढं जमल्यावर बागायतदार स्वतःहून पुन्हा मागणी द्यायला लागले. बंदीमुळे गिऱ्हाईक आमच्या दारात आलं असेल, पण टिकलं ते खालची फळं कोरडी राहिली म्हणून.

१ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली आणि ताटं-वाट्यांच्या चौकशा वाढल्या. तेलकट पदार्थांचे डबे मात्र आम्ही करत नाही. तेल अडवायला या मालात अनेक ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. अमेरिकेत खाद्यवेष्टनांतली अशी तेलरोधक द्रव्यं विकणं बंद झाल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यांच्याशिवाय तेल धरेल असा डबा आमच्या साच्यातून निघेपर्यंत ती ऑर्डर घेणार नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाला हे सांगितल्यावर ते दुसरीकडे गेले. जाऊ देत.

आमचा सगळ्यात मोठा खर्च वाळवणीचा. साच्यातून निघालेल्या ट्रेत वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. उन्हाळ्यात काही काम ऊन करतं, पावसाळ्यात सगळा भार भट्टीवर. आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीत, म्हणजे पनेटचा साठा नेमका पावसातच करावा लागतो. भट्टीला आम्ही शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या वापरतो, साच्यातून ओढलेलं पाणी पुन्हा पल्परमध्ये फिरवतो.

सध्या पुरंदरच्या अंजिरासाठी एकेका फळाला वेगळा खळगा असलेला साचा करतो आहोत. अंजिराची साल फार नाजूक, देठाचा चीक लागतो, त्यामुळे तळाचा आकार अजून बदलतो आहे. स्ट्रॉबेरीवाल्यांनी आपली मागणी गणपतीच्या आधी कळवली, तर माल पूर्ण वाळवून, कोरड्या गोदामात ठेवून पहिल्या तोडणीला शेतावर पोचवता येईल.