न्यूयॉर्कहून नागाव: पहिला दिवस उजेडाच्या हिशोबाने

परदेशातून येणारी बरीचशी विमानं मुंबईत रात्री उशिरा उतरतात. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स उरकून बाहेर येईपर्यंत पहाट होत आलेली असते. तिथून थेट दापोली-गुहागर गाठायचा मोह होतो. पण रात्रभर अवघडून बसलेल्या दोघांनी पहिल्याच दिवशी घाट आणि महामार्ग अंगावर घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून डिसेंबरात न्यूयॉर्कहून आलो तेव्हा आम्ही दोघांनी पहिला मुक्काम अलिबागजवळ नागावला ठेवला, आणि जेटलॅग उतरवायला तो दिवस उजेडाच्या हिशोबाने आखला.

गाडी ठरवताना एक गोष्ट खोदून विचारावी: डिकीत सीएनजीची टाकी आहे का? अमेरिकेहून येताना सहसा माणशी २३ किलोच्या दोन, म्हणजे दोघांच्या चार मोठ्या बॅगा, वर दोन केबिन बॅगा. टाकीवाल्या सेडानच्या डिकीत मोठी बॅग एखादीच मावते. डिझेलची सात आसनी गाडी घ्यावी, नाहीतर टपावर कॅरियर आहे ना याची खात्री करावी. गाडी चालकासकटच हवी. झोप न झालेल्या माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये, आणि इथे तर रस्त्याची बाजूही बदललेली असते.

पहाटे रस्ते मोकळे असतात. ईस्टर्न फ्रीवेवरून भाऊचा धक्का गाठला की तिथून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट. गाडीचं आणि माणसांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवावं. विमान लेट होण्याची शक्यता धरून अगदी पहिल्या फेरीचं काढू नये. गाडी खालच्या डेकवर, माणसं वर. औषधांची पिशवी आणि पासपोर्ट बरोबर घ्यावेत. प्रवास तासाभराचा. तेवढा वेळ खुर्चीत न बसता डेकवर फेऱ्या माराव्यात, कारण पाय सुजलेले असतात. दोन्ही पायांची सारखी सूज चालण्याने आणि पाय उशीवर ठेवून पडण्याने उतरते. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, लाली असेल तर मात्र तेल लावून चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आधी तिथे दाखवा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, पुढे नागाव. आता मुद्द्याची गोष्ट. ‘सकाळचं ऊन घ्या, जेटलॅग जातो’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. शरीराचं तापमान रोजच्या जागं होण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत खाली जातं. त्यानंतरचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे नेतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येऊ लागते; त्याआधीचा ते मागे नेतो. सातला उठणाऱ्याची ही वेळ पहाटे चार-पाचची. न्यूयॉर्कचे पहाटेचे चार-पाच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे दुपारचे अडीच ते साडेतीन. पूर्वेकडे आल्यावर घड्याळ पुढे न्यायचं असतं, म्हणून पहिल्या दिवशी सकाळ सुपारीच्या वाडीत सावलीला काढायची, बाहेर पडलोच तर गडद गॉगल लावायचा, आणि साडेतीननंतर मावळतीपर्यंत भरपूर उजेडात राहायचं. लंडनहून आलात तर हीच वेळ सकाळी साडेनऊ-साडेदहाची, म्हणजे त्यानंतर खुशाल उन्हात बसा.

दुपारी जी गुंगी येते ती निव्वळ सुरमई थाळीची नसते. शरीराची ती ऐन पहाट असते. जेवण हलकंच घ्यावं: मऊ भात, तांदळाची भाकरी, कमी तिखटाचं कालवण. झोप आवरत नसेल तर अर्ध्या तासाचे दोन गजर लावावेत, दोघांच्या फोनवर एकेक. एकाने दुसऱ्याला उठवायचं ठरवलं तर दोघंही संध्याकाळपर्यंत झोपतात आणि रात्र वाया जाते. उठल्यावर चहा, पण त्या दिवसातला तो शेवटचा.

संध्याकाळच्या फेरीसाठी कोळ्यांचा जुना हिशोब कामाला येतो. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. सहा तासांनी, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास, पुरी ओहोटी. किनारा रुंद, ओली वाळू घट्ट, थकलेल्या पायांना चालायला सोपी. अष्टमीला मात्र सहाला पुरी भरती, तेव्हा किनाऱ्याची पट्टी अरुंद होते आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात. त्या दिवशी वाडीतल्या रस्त्यानेच फिरावं. पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नये. ओहोटीची ओढ ताज्या माणसालाही आवरत नाही. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा, कारण भरती आली की परतीची वाट बंद.

साडेआठ-नऊपर्यंत जागं राहिलात तरी खूप. मध्यरात्री एक-दीडला मात्र कडकडून भूक लागते, कारण न्यूयॉर्कला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेलेली असते. घरगुती मुक्कामाचं स्वयंपाकघर तेव्हा बंद असतं. काकूंना जेवतानाच सांगून ठेवलं की त्या केळी, लाडू, दडपे पोहे झाकून ठेवतात. विजेचा भरवसा नसतो, म्हणून उशाशी टॉर्च हवा; फोनचा पडदा डोळ्यांसमोर नको. दुसऱ्या दिवशी उजेडाची वेळ तासभर अलीकडे ओढायची, म्हणजे अडीचपासून बाहेर, टोपी आणि शहाळं घेऊन.